रक्त अडवून हृदय वाचवायचं? इस्केमिक प्रीकंडिशनिंग आणि दंडावरचा बीपीचा पट्टा

मंदाग्नी

सध्या एक ढकलपत्र फिरतंय. बीपीचा पट्टा दंडावर बांधा, पाच मिनिटं फुगवून ठेवा, पाच मिनिटं सोडा, असं रोज सकाळी चार वेळा करा, हार्ट अटॅक जन्मात येणार नाही. खाली नेहमीचं "जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा". एरवी असलं काही आलं की मी उघडतसुद्धा नाही. पण हे साफ खोटं नाही, आणि त्यामुळेच जास्त त्रासदायक आहे. मी औषधशास्त्र शिकवायचो आणि यातला खरा भाग हा माझा वर्गातला सगळ्यात आवडता तास असायचा. म्हणून हा धागा.

गोष्ट १९८६ची, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातली. मरी, जेनिंग्ज आणि रीमर हे तिघं कुत्र्यांच्या हृदयावर काम करत होते. हृदयाच्या एका रोहिणीला (धमनीला) चिमटा लावून ती ४० मिनिटं बंद ठेवली, की तिच्यावर पोसणाऱ्या स्नायूचा बराच भाग मरतो. त्यांनी काही कुत्र्यांमध्ये ही मोठी बंदी करण्याआधी तीच रोहिणी पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, अशी चार वेळा केली. साधा हिशेब काय सांगतो? आधीच वीस मिनिटांची उपासमार झालीय, वर चाळीस मिनिटं. नुकसान वाढायला हवं. झालं उलटं. नुसती ४० मिनिटं बंदी सोसलेल्या हृदयांत धोक्यातल्या भागापैकी सुमारे २९ टक्के स्नायू मेला, आणि आधी चार छोटे झटके दिलेल्यांत ७ टक्के. म्हणजे पावपट. छोट्या उपासमारीने मोठ्या उपासमारीसाठी हृदय तयार होतं, यालाच इस्केमिक प्रीकंडिशनिंग म्हणतात. तोवर इतका फरक पाडणारं औषध कुणाला सापडलेलं नव्हतं.

याच प्रयोगातला दुसरा निष्कर्ष ढकलपत्रवाले कधी सांगत नाहीत. मोठी बंदी ४० मिनिटांऐवजी तीन तासांची केली तर फायदा शून्य. दोन्ही गटांत सारखाच स्नायू मेला. याचा अर्थ छोट्या झटक्यांनी स्नायू अमर होत नाही, फक्त त्याचं मरण लांबतं. मधल्या वेळात कुणीतरी येऊन रोहिणी उघडली तरच त्या लांबवण्याला किंमत. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे सगळी भांडणं इथेच येऊन थांबणार आहेत.

आता हे होतं कसं, ते थोडक्यात. रक्त थांबलं की पेशीतला प्राणवायू संपतो, एटीपी (पेशीचं इंधन) घटतं, आम्ल साचतं. ते आम्ल बाहेर टाकण्याच्या नादात पेशी सोडियम आत घेते आणि सोडियमच्या मागून कॅल्शियम आत साचतं. गंमत म्हणजे खरा घात बऱ्याचदा रक्त परत सुरू होताना होतो. प्राणवायू एकदम येतो, आम्ल झटकन धुऊन जातं, आणि मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या वीजघरांच्या) पडद्यात एक छिद्र उघडतं. आम्लात ते मिटून राहिलेलं असतं. उघडलं की मायटोकाँड्रिया फुगून फुटतात आणि पेशी संपते. छोट्या झटक्यांत हृदय स्वतःच अ‍ॅडेनोसिन, ब्रॅडीकायनिन आणि अफूसदृश द्रव्यं सोडतं. ती पेशीच्या आत संदेशांची एक साखळी चालू करतात, आणि साखळीच्या शेवटी हे छिद्र उघडायला कठीण जातं. डाउनी यांच्या अलाबामातल्या गटाने १९९१मध्ये सशांमध्ये अ‍ॅडेनोसिनची दारं औषधाने बंद करून दाखवली, आणि संरक्षण गायब झालं.

हे कवच तास-दोन तास टिकतं. मग जातं, आणि साधारण २४ तासांनी पुन्हा उगवतं, जरा कमजोर, पण तीनेक दिवस राहतं. दुसऱ्या खेपेला पेशीने नवी प्रथिनं बनवलेली असतात.

आणि पट्ट्याचा संबंध? १९९३मध्ये प्रझिक्लेंक आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांमध्ये दाखवलं की एका रोहिणीला छोटे झटके दिले तर शेजारच्या, हात न लावलेल्या रोहिणीच्या भागालाही संरक्षण मिळतं. मग लोक हृदयापासून लांब लांब जात राहिले. आतड्याची रोहिणी, मूत्रपिंडाची, पायाचा स्नायू. २००२मध्ये खरबंदा आणि सहकाऱ्यांनी हातापायापर्यंत आणून सोडलं: माणसाच्या दंडावर साधा पट्टा फुगवूनही शरीरभर परिणाम दिसतो. टोरांटोच्या कोन्स्टान्टिनोव्ह यांच्या डुकरांवरच्या प्रयोगात तर ज्याला हृदय बसवायचं त्याच्या पायाला झटके दिले, आणि नव्याने बसवलेल्या, एकही मज्जातंतू न जोडलेल्या हृदयाला संरक्षण मिळालं. म्हणजे निरोप रक्तातूनही जातो.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की पट्टा घेऊन बसावं. माणसांवरचे मोठे अभ्यास काय म्हणतात ते प्रतिसादांत लिहितो, आत्ता हात दुखले.

कोपरखळी

वाचनखूण साठवली. पण काका, आमच्या आजीला सांगितलं असतं की दंडाला आवळून बांधलं की काळीज बळकट होतं, तर तिने शांतपणे विचारलं असतं, "कुणाचं, बांधणाऱ्याचं?" कुत्री झाली, ससे झाले, डुकरं झाली. माणसांचं बोला.

कॅथलॅबवाली

मी कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) तंत्रज्ञ आहे, माणसांचं मी बोलते. जुने सिनियर सांगायचे की स्टेंट येण्याआधी नुसत्या बलूनवर अँजिओप्लास्टी व्हायची तेव्हा बलून परत परत फुगवावा लागे. पहिल्या फुगवणीला पेशंट छाती धरायचा, ईसीजीत एसटी (हृदयाला रक्त कमी पडलं की सरकणारा आलेखाचा भाग) टेकडीसारखा वर जायचा. दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ फुगवला तरी दुखणं कमी आणि एसटीही कमी वर. मला वाटायचं हे पेशंट घाबरायचा थांबला म्हणून असेल. पण एसटीला भीती कुठे कळते.

मंदाग्नीकाका, हे तेच का?

मंदाग्नी

@कॅथलॅबवाली, हो, तेच असण्याची शक्यता फार आहे. १९९०मध्ये डॉइच आणि सहकाऱ्यांनी अगदी हेच मोजून छापलं. दुसऱ्या फुगवणीला छातीत कमी दुखलं, एसटी कमी चढला, हृदयातून निघणारं लॅक्टेटही (प्राणवायू कमी पडल्याची खूण) कमी होतं. काही प्रमाणात आजूबाजूच्या आडवाटेच्या रक्तवाहिन्या उघडत असतील असा आक्षेप होता आणि तो पूर्ण खोडता येत नाही. पण १९९४मध्ये तोमाई यांच्या इटालियन गटाने पेशंटना आधी ग्लिबेनक्लामाइड दिलं, तर दुसऱ्या फुगवणीचा हा फायदा दिसेना. ग्लिबेनक्लामाइड म्हणजे मधुमेहाची जुनी गोळी. ती पेशीतल्या पोटॅशियमच्या एका मार्गिकेला बंद करते, आणि तीच मार्गिका या संरक्षक साखळीत लागते. आडवाटेच्या वाहिन्यांनीच सगळं झालं असतं तर गोळीने एवढा फरक पडायचं कारण नव्हतं.

अजून जुनं सांगतो. अठराव्या शतकात अंजायनाचं (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखण्याचं) पहिलं नीट वर्णन लिहिणारे लंडनचे विल्यम हेबरडेन यांनी एका पेशंटची नोंद केली आहे. तो रोज अर्धा तास लाकूड कापायचा, आणि जवळजवळ बरा झाला. आजही असे पेशंट भेटतात, सकाळी पहिल्या चढावर छाती भरून येते, दोन मिनिटं थांबले की पुढचा तेवढाच चढ आरामात चढतात. याला वॉर्म-अप अंजायना म्हणतात. कुणाला असं होत असेल तर ते "हृदय तयार झालं" म्हणून सोडून देऊ नका, रोहिणी अरुंद झाल्याचा तो पुरावा आहे. डॉक्टरकडे जा.

हार्ट अटॅकच्या आदल्या दिवशी छातीत दुखून गेलेल्यांचा मेलेला भाग लहान निघतो, हेही १९९०च्या दशकातल्या अभ्यासांत परत परत दिसलं.

सह्यभटक्या

माझा प्रश्न जरा वेगळा. आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये दोघं जण शर्यतीआधी मांडीला पट्टे बांधून फुगवतात. म्हणे सायकलपटूंचा अभ्यास आहे. दम जास्त पुरतो. खरं का? आणि मुळात पळल्यानेच हे प्रीकंडिशनिंग होत नाही का?

मंदाग्नी

सायकलपटूंचा अभ्यास आहे, २०१०चा, नेदरलँड्सचा. १५ जण, प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारण ३ टक्क्यांनी वाढली. नंतरच्या काही अभ्यासांत खोटा, हलकाच आवळलेला पट्टा लावला तरी तेवढाच फायदा दिसला, म्हणजे निदान काही भाग मनाचा. मांडीचा पट्टा पूर्ण रक्त थांबेपर्यंत फुगवायला दंडापेक्षा बराच जास्त दाब लागतो, ज्याच्या पायाच्या रोहिण्या कडक झाल्यात किंवा शिरेत गुठळी होऊन गेलीय त्याने तर हात लावू नये. व्यायामाचं म्हणाल तर हो, प्राण्यांत नियमित धावण्याने हृदयाला असंच संरक्षण मिळतं, आणि ते पट्टा न विकत घेता मिळतं.

कोपरखळी

@सह्यभटक्या, शर्यतीत शेवटून तिसरा येणारा माणूस मांडीला पट्टा बांधून शेवटून दुसरा आला तर तो विज्ञानाचा विजय मानावा का? (मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही.)

सह्यभटक्या

नाव घेतलं नाही तरी मला कळलं. 🙏

भूलतज्ज्ञ

धागा उशिरा पाहिला. मी हृदयशस्त्रक्रियांना भूल देतो, त्यामुळे या विषयाची आशा आणि निराशा दोन्ही जवळून पाहिली आहे.

बायपासच्या वेळी हृदय मुद्दाम थांबवलं जातं, रक्त बंद होतं आणि नंतर परत चालू होतं. सगळं ठरलेल्या वेळी. म्हणजे आधी झटके द्यायला याहून सोयीची जागा नाही. २००६मध्ये टोरांटोत हृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या ३७ लहान मुलांवर पायाच्या पट्ट्याचा प्रयोग झाला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) कमी आलं, सगळीकडे उत्साह. पुढे मोठ्यांवरच्या छोट्या अभ्यासांतही ट्रोपोनिन कमी. मग २०१५मध्ये एकाच वेळी दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. ब्रिटनचा एरिका, १६१२ पेशंट. जर्मनीचा रिपहार्ट, १४०३ पेशंट. दोन्हींत पट्टा लावलेले आणि न लावलेले यांच्यात मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात अशा गोष्टींत काही फरक नाही. एरिकात वर्षभरात २६.५ विरुद्ध २७.७ टक्के, रिपहार्टमध्ये १४.३ विरुद्ध १४.६. हे आकडे पाहिल्यावर आमच्या खोलीत चहाच्या वेळी कुणी फार बोललं नव्हतं.

आमच्या लोकांवर खापर फुटलं ते प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या भुलीच्या औषधावरून. दोन्ही अभ्यासांत बहुतेकांना प्रोपोफॉलची भूल होती, आणि प्रोपोफॉल हे संरक्षण दाबतं असा संशय आधीपासून होता. उलट सेव्होफ्ल्युरेनसारखे श्वासातून द्यायचे वायू स्वतःच प्रीकंडिशनिंग करतात असं प्राण्यांत दिसलं होतं. म्हणून पुढे बायपासच्या ५४०० पेशंटवर मायरियाड नावाचा अभ्यास झाला, वायूची भूल विरुद्ध शिरेतून भूल. २०१९चा निकाल: वर्षभरातले मृत्यू दोन्हीकडे सारखेच. म्हणजे प्रोपोफॉलची सबबही फारशी पुरत नाही.

माझं मत विचाराल तर, ज्या शस्त्रक्रियेत थंड कार्डिओप्लेजियाने (हृदय थांबवून जपणाऱ्या द्रावणाने) हृदय आधीच इतकं जपलं जातंय तिथे पट्ट्याने अजून काय वाचवायचं? वाचवायला उरलंच नव्हतं.

कोपरखळी

म्हणजे तीस वर्षं कुत्र्यांचं हृदय वाचवलं आणि माणसाची फक्त ट्रोपोनिनची नोंद सुधारली?

मंदाग्नी

चिमटा बोचला, पण बरोबर जागी बोचला. 🙂

शस्त्रक्रियेचं भूलतज्ज्ञांनी सांगितलं. हार्ट अटॅकचं मी सांगतो, कारण मला खरी आशा तिथे होती. डेन्मार्कच्या आरहूसमध्ये बोत्कर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक आलेल्या ३३३ पेशंटवर प्रयोग केला. निम्म्यांना रुग्णवाहिकेतच दंडावर पट्टा लावून पाच-पाच मिनिटांचे चार झटके दिले, बाकीच्यांना नाही. रुग्णालयात अँजिओप्लास्टी दोघांनाही. वाचलेल्या स्नायूचं प्रमाण पट्टावाल्यांत ०.७५, इतरांत ०.५५. २०१०मध्ये हे छापून आलं तेव्हा मी वर्गात फळ्यावर तो आकडा मोठ्ठा लिहिला होता. पट्टा प्रत्येक रुग्णवाहिकेत आहेच, खर्च शून्य, धोका जवळजवळ शून्य. याहून आपल्या देशाला सोयीचं काय असणार?

मग ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बिया मिळून मोठा अभ्यास झाला. हार्ट अटॅक आलेले ५४०१ पेशंट, सगळ्यांना तातडीची अँजिओप्लास्टी, निम्म्यांना आधी पट्टा. २०१९मध्ये निकाल आला. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय कमजोर होऊन भरती: पट्टावाले ९.४ टक्के, बिनपट्टावाले ८.६. फायदा नाही. २०१७मध्ये डेन्मार्कमध्येच बलून परत परत फुगवून रक्त हळूहळू सोडण्याचाही अभ्यास झाला होता, १२३४ पेशंटचा. तोही रिकामा गेला. मायटोकाँड्रियाचं ते छिद्र थेट बंद करणारं सायक्लोस्पोरिन २०१५मध्ये ९७० पेशंटवर तपासलं, तेही रिकामं.

का? एकच उत्तर कुणाकडे नाही, पण मला पटतं ते असं. या अभ्यासांतल्या पेशंटची रोहिणी इतक्या लवकर उघडली जाते, आणि सोबतची औषधं इतकी चांगली आहेत, की उरलेला तोटाच थोडा. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपास. शिवाय कुत्री तरुण आणि निरोगी होती. आपला पेशंट साठीचा, मधुमेही, बीपीच्या गोळ्या चालू. डेन्मार्कच्याच एका अभ्यासात मधुमेहामुळे पायाच्या नसा खराब झालेल्या लोकांच्या रक्तात पट्ट्यानंतर ते संरक्षक द्रव्य तयारच झालं नाही. आणि एक मजेशीर धागा असा, की अलाबामाच्याच गटाने ससे आणि माकडांत दाखवलं की प्लेटलेटना रोखणारी आजची औषधं स्वतःच प्रीकंडिशनिंगसारखं काम करतात. म्हणजे जो फायदा पट्टा देणार होता तो कदाचित गोळीने आधीच देऊन टाकलाय.

मोका_मराठी

नमस्कार. मी मॉरिशसहून लिहितो, मराठी घरी शिकलो, चुका झाल्या तर समजून घ्या. हा विषय वाचून लिहावंसं वाटलं कारण आमच्या बेटावरसुद्धा याचा अभ्यास झाला होता. लंडनच्या हॅटर संस्थेचे डेरेक येलन आणि इथले डॉक्टर यांनी मिळून केला, २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्याकडे तेव्हा हार्ट अटॅकच्या पेशंटला अँजिओप्लास्टी लगेच मिळत नसे, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देत. ५१९ पेशंटना घेऊन निम्म्यांना इंजेक्शनच्या आधी पट्टा लावला. पट्टावाल्यांत ट्रोपोनिन ३२ टक्के कमी आलं.

माझ्या आजोबांच्या पिढीत मधुमेह घरोघरी होता, आजही आहे. म्हणून ही बातमी इथे लोकांनी लक्ष देऊन वाचली.

मंदाग्नी

@मोका_मराठी, तुमचं मराठी इथल्या निम्म्या आयडींपेक्षा स्वच्छ आहे. आणि मुद्दा फार महत्त्वाचा काढलात. तो अभ्यास मला या संपूर्ण साहित्यातला सगळ्यात दुर्लक्षित वाटतो. इंजेक्शनने रोहिणी उघडायला वेळ लागतो, अर्धवट उघडते, तेवढा वेळ स्नायू उपाशी. मरण लांबवण्याची किंमत तिथेच जास्त असणार. अर्थात ट्रोपोनिन कमी आलं म्हणजे माणसं वाचली असं नव्हे, एरिकाच्या आधीही असंच ट्रोपोनिन कमी आलं होतं. ५१९ पेशंटमधून मृत्यूंबद्दल काही म्हणता येत नाही.

धुळेकर

माझे वडील मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात, कितीतरी वर्षं. वर तुम्ही ग्लिबेनक्लामाइडचं लिहिलं ते वाचून रात्री झोप नाही आली भो. ती गोळी बंद करू का?

मंदाग्नी

अजिबात नाही. ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड एकाच कुळातली, पण ग्लिमेपिराइड हृदयातलं हे संरक्षण तसं पुसत नाही, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. आणि प्रयोगशाळेतल्या तर्कापेक्षा मोठा पुरावा आहे. कॅरोलिना नावाच्या अभ्यासात ६०३३ मधुमेहींवर ग्लिमेपिराइडची तुलना लिनाग्लिप्टिनशी (मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळीशी) केली, सहाएक वर्षं. हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू यांत दोघांत फरक नाही. साखर खाली जाण्याचा त्रास ग्लिमेपिराइडने जास्त झाला, ते मात्र वडिलांना विचारा, विशेषतः जेवण चुकलं तर घाम-थरथर होते का. गोळी बदलायची तर त्यांच्या डॉक्टरशी बोलून.

धुळेकर

घाम येतो कधी कधी, दुपारी. सांगतो डॉक्टरला. धन्यवाद काका.

कोपरखळी

बरं, मूळ ढकलपत्राचा निकाल लावा. रोज सकाळी घरी पट्टा फुगवायचा की नाही?

मंदाग्नी

नाही. निरोगी माणसाला रोज पट्टा लावून हार्ट अटॅक टळतो याचा पुरावा नाही. रोज, महिनोन्‌महिने पट्टा लावण्याचा मोठा प्रयोग चीनमध्ये झाला, पण तो मेंदूच्या रोहिण्या अरुंद झालेल्या, पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांवर. ३०००हून अधिक पेशंट. पक्षाघात थोडे कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचा नाही असं म्हणता येईल इतका नव्हता.

आणि मला जास्त भीती दुसरीच आहे. छातीत दुखायला लागलेला माणूस बीपीचं यंत्र शोधत बसेल. चार झटके म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटं. ड्यूकच्या कुत्र्यांत ४० मिनिटांत २९ टक्के स्नायू गेला होता. दुखायला लागलं की १०८, आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन चघळून. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पट्टा लावायचाच असेल तर तो रुग्णवाहिकेतले लोक लावतील, बीपी मोजायला.

कॅथलॅबवाली

+१००. परवाच एक काका पोचले, दुखणं सुरू झाल्यावर आधी गॅसची गोळी, मग ओवा, मग मुलीला फोन, मग जावयाची वाट. बलून फुगवायला आमच्याकडे वीस मिनिटं लागली, पण पेशंटने घरी चार तास घालवले होते.

तालुका_एमओ

सगळा धागा वाचला. मी ग्रामीण रुग्णालयात आहे. आमच्याकडे मॉरिशससारखीच परिस्थिती आहे. ईसीजी काढायचा, फोनवरून पाठवून तज्ज्ञांना दाखवायचा, एसटी वर असेल तर टेनेक्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) द्यायचं आणि जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. रस्ता दीड-दोन तासांचा, पावसाळ्यात जास्त. या दोन तासांत पट्टा दंडावर असतोच. मंदाग्नीसर म्हणतात ते "मरण लांबवणं" जर कुठे उपयोगाचं असेल तर ते या रस्त्यावर, असं मला फार वाटतं. पण उगाच स्वतःच्या मनाने काही करणार नाही. प्रश्न व्यवहारी आहे. टेनेक्टेप्लेज दिल्यावर पट्टा २००पर्यंत फुगवून पाच मिनिटं ठेवला तर दंडात रक्त साकळणार नाही का? साधं बीपी मोजलं तरी आमच्या पेशंटना पट्ट्याखाली लाल ठिपके उमटतात.

भूलतज्ज्ञ

उमटतील, आणि तुमचा प्रश्न योग्य आहे. मॉरिशसच्या अभ्यासात पट्टा इंजेक्शनच्या आधीपासून सुरू होता, तुम्ही म्हणताय ते इंजेक्शननंतर वाटेत. दोन्ही एकच समजू नका. इंजेक्शननंतर मी सुद्धा बीपीचं स्वयंचलित यंत्र दर पाच मिनिटांवर ठेवत नाही, जेवढं लागेल तेवढंच मोजतो, आणि ज्या हाताला सुई आहे तो हात टाळतो. कारण पट्टा फुगला की त्या हातातलं औषध थांबतं. तुमच्याकडे कुणी संशोधनाचा प्रस्ताव आणला तर नैतिक समितीसमोर हे दोन मुद्दे आधी मांडा.

तालुका_एमओ

सुईचा हात टाळतोच. ठिपक्यांचं सिस्टरना सांगतो, त्या दर खेपेला मला बोलावतात. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असताना पट्टा कुठे बांधावा यावर त्यांचं आणि माझं एकमत अजून व्हायचंय.